कुंदा, मी आणि अर्धं तिकीट

कुंदाबद्दल, म्हणजे आमच्या कुत्रीबद्दल, लिही, लिही असं इतक्या जणांनी सांगितलंय की आता टाळायला सबब उरली नाही. कॉलेजच्या मासिकासाठीही मागणी आली होती. तिथं हवा होता 'मुक्या जनावराला कुठली सीमा आणि कुठली भाषा' अशा चालीचा लेख. बेळगावात वांग्याच्या भरतावर लिहिलं तरी शेवटी सीमाप्रश्नाची फोडणी पडलीच पाहिजे, असं काही लोकांना वाटतं. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची आहे. २०१४ साली गावच्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून काय झालं ते शाळकरी वयात बघितलंय, त्यामुळे सीमाप्रश्न मला कुणी शिकवायला नको. खरं कुंदाला त्यात ओढायचं कारण नाही. तिचं काम वेगळं आहे.

काम असं. मला टाइप वन मधुमेह आहे, वयाच्या बाराव्या वर्षापासून. हा म्हातारपणी होणारा नव्हे, आणि 'लहानपणी चॉकलेटं खाल्लीस असशील' हाही प्रकार नव्हे. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा बिथरते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग ते इन्सुलिन जन्मभर बाहेरून टोचून घ्यायचं. मी दिवसातून चार वेळा घेते. डोस थोडा जास्त झाला, जेवण लांबलं, किंवा बस चुकली म्हणून वडगावपर्यंत चालत यावं लागलं, की साखर उतरते. ७०च्या खाली गेली की आम्ही म्हणतो 'लो झालं'. ५४च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. घाम येतो, हात कापतात, जीभ जड होते आणि समोर जो असेल त्याच्यावर विनाकारण राग येतो.

पहिली काही वर्षं हे सगळं मला कळायचं. पण वरचेवर लो होत गेलं की शरीर इशारे द्यायचंच सोडून देतं. बारावीच्या सुमारास माझं तसं झालं. मी बोलत असायची, हसत असायची, आणि मीटरवर आकडा ४८. दंडावर लावायचा सेन्सर असतो हे मला माहीत आहे, डॉक्टरांनीही सांगितलं होतं. एक सेन्सर १४ दिवस चालतो, मग नवा. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर आहेत आणि शेतात भात, त्यावर मसूर. महिन्याला दोन सेन्सर त्या हिशेबात बसत नाहीत.

कुंदा त्याच फौंड्रीतून आली. ओतकाम झाल्यावर मोल्डिंगची वाळू बराच वेळ ऊब धरून असते, त्या वाळूच्या कडेला एक कुत्री व्यायली होती. बाबांनी सकाळी डब्याच्या पिशवीतून एक पिल्लू आणलं. आईनं आधी डबा कुठाय ते विचारलं, मग पिल्लाकडे बघितलं. रंग अगदी खवा आटवून आटवून केलेल्या आमच्या बेळगावच्या कुंद्याचा. भावानं तिथल्या तिथं बारसं केलं. घरात साखरेची पेशंट आणि कुत्रीचं नाव कुंदा! वर गल्लीत त्याच नावाच्या एक काकू आहेत. भाऊ संध्याकाळी दारात उभा राहून "कुंदे, घरात चल बघू!" असं ओरडला की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. त्या अजून आमच्याकडे हळदीकुंकवाला येत नाहीत.

ती मुधोळ जातीची असणार, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं. कारण काय, तर लांब पाय आणि बारीक कंबर. आमच्या भागात कुठलंही सडपातळ कुत्रं दिसलं की त्याला मुधोळ म्हणायची पद्धतच आहे. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान, आता बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या राजेसाहेबांनी या जातीला आश्रय दिला, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. अभिमान वाटावा अशीच जात आहे. फक्त मुधोळ कुत्रा शिकार करतो तो नजरेनं आणि पायांच्या वेगानं. आमच्या बाईसाहेबांची सगळी भिस्त नाकावर. पळण्याचं म्हणाल तर गल्लीतली मांजरं तिला ओळखून आहेत. शुद्ध गावठी आहे ती, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

ती साखर ओळखते हे आमच्या आधी आज्जीच्या लक्षात आलं. रात्री मी झोपले की कुंदा कधीकधी येऊन माझी वाकळ ओढायची. आई तिला हाकलायची. आज्जी म्हणाली, "रोज नाही वडत गे ती. पोरीला घाम येतंय त्या दिशीच वडतीया." मग भावानं वहीच घातली. कुंदानं वाकळ ओढली की माझं बोट टोचायचं आणि आकडा लिहायचा. वही भरत गेली तसं आज्जीचं म्हणणं पटत गेलं.

नेमका कशाचा वास येतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. केंब्रिजमध्ये २०१६ साली टाइप वन असलेल्या ८ बायकांची साखर देखरेखीखाली उतरवून त्यांचा श्वास तपासला, तेव्हा त्यात आयसोप्रीन नावाचा पदार्थ बराच वाढलेला दिसला. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, कुत्र्याला कळत असावा असा त्यांचा अंदाज. आठ म्हणजे फार नव्हेत. कुत्री चुकतात, हेही इतर अभ्यासांत दिसलंय. आमचीही चुकते. भाऊ मिरजेहून रात्रीच्या गाडीनं आला की ती त्याच्यासाठीही उठते, आणि त्याची साखर ठणठणीत असते. म्हणून आमच्या घरचा नियम साधा आहे, कुंदा सुचवते आणि मीटर ठरवतं. तिनं सांगितलं म्हणून मी कधी साखर खाल्लेली नाही, आणि तिनं सांगितलं नाही म्हणून बोट टोचायचं सोडलेलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा कुत्र्यांचे व्हिडिओ बघून 'आता मशीन नको, कुत्रं पाळतो' असं म्हणणारे भेटलेत.

पुढचं शिक्षण आम्ही घरीच दिलं. गावात निवृत्त फौजी पुष्कळ, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. त्यांतल्या एका मामांनी पलटणीत असताना श्वानपथकाबरोबर काम केलेलं. सिट, स्टे, हील त्यांनीच शिकवलं, तेही परेडच्या आवाजात. आज्जी दचकून चुलीपुढनं उठायची. वासाचं काम मात्र माझं आणि भावाचं. लो झालं की ग्लुकोज तोंडात टाकायच्या आधी, पटकन, कापसाचा बोळा जिभेखाली फिरवायचा आणि दुसरा कपाळाच्या घामावरून. दोन्ही डबीत, डबीवर तारीख आणि आकडा, आणि डबी फ्रीजरमध्ये. (नंतर ग्लुकोज आधी आणि कापूस नंतर असा नियम आईनं केला, कारण एकदा डबीचं झाकण लावता लावता मीच घसरले. आता कापसाचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं.) आमच्या फ्रीजरमध्ये गोव्याच्या बांगड्यांशेजारी माझी थुंकी असायची. पाहुण्यांनी बर्फ मागितला की आई आधी स्वतः उठायची.

मग स्टीलच्या तीन सारख्या डब्या घ्यायच्या. झाकणाला भावानं खिळ्यानं भोकं पाडलेली. एकीत लो असतानाचा बोळा, दुसरीत साखर ठीक असतानाचा, तिसरीत कोरा कापूस. तिघी पडवीत ओळीनं मांडायच्या. कुंदा पहिल्या डबीवरून नाक नेते, फुसकन श्वास सोडते, पुढं जाते. बरोबर डबीवर आली की तिची शेपटी हलायची थांबते. हे बघण्यासारखं असतं. बाकीची कुत्री आनंदात शेपटी हलवतात, ही कामात शेपटी आवरते. मग ती खाली बसते आणि डबी मांडणाऱ्याकडे बघते. बरोबर असेल तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दरवेळी जागा बदलायची आणि डब्या मांडणारा माणूसही बदलायचा, नाहीतर ती साखरेऐवजी भावाच्या हाताचा वास शिकली असती. शेवटी तिच्या आणि माझ्यात ठरलं ते असं: उजवा पंजा माझ्या गुडघ्यावर. मी लक्ष दिलं नाही तर परत पंजा. तरी नाही तर ओढणी नाहीतर बाही दातात धरून ओढायची, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर एकदा, एकदाच, भुंकायचं.

कुत्र्याचं आणि या आजाराचं नातं तसं जुनं आहे. ते मला कॉलेजच्या लायब्ररीत बसून कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. १८८९ साली मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, आणि त्याला मधुमेह झाला. मधुमेह कुठून येतो याचा पहिला धड पुरावा तो. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा जो अर्क काढला, म्हणजे इन्सुलिन, तोही आधी कुत्र्यांवर तपासला. मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर दोनेक महिने जगली. १९२२च्या जानेवारीत तो पहिल्यांदा माणसाला दिला, १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी या आजाराच्या पोरांना जवळजवळ उपाशी ठेवत, तेवढंच करता यायचं. मी रोज पोटात टोचते त्या औषधामागं कितीतरी कुत्र्यांचे जीव गेलेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला यावर ठाम असं काही म्हणता येत नाही. घरी जाऊन कुंदाला त्या दिवशी अख्खं अंडं दिलं, इतकंच.

आता कॉलेजचं. लोक म्हणतात, कुत्रीनं तुला धीर दिला, तिच्यामुळं तू कॉलेजची जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, झालीस. धीर-बिर काही नाही. तिनं माझं बिंग फोडलं.

माझा आजार आमच्या घरात बंद कपाटातली गोष्ट होती. आईचं म्हणणं सरळ होतं, पोरीला साखर आहे हे गल्लीत कळलं की स्थळं येणार नाहीत. शाळेत मी पित्तावर औषध घेते असं सांगून ठेवलेलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी इन्सुलिन बाथरूममध्ये घ्यायची, कडी नसलेल्या दाराला पाठ लावून. वर्गातल्या मुलींना वाटायचं मी डाएटवर आहे. मग एकदा कॉलेजच्या जिन्यात पडले, डोक्याला टाके पडले, आणि डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे. पण घरी आल्यावर आईच म्हणाली, "ने त्या कुत्रीला संगं."

आणि कुत्री संगं असली की लपवणार काय? येळ्ळूरहून बसमध्ये चढल्यापासून सुरुवात. "काय गे, कुत्रं घेऊन कॉलेजला जाऊलालीस?" पहिले काही दिवस मी 'घरी कुणी नाही' असं काहीबाही सांगत होते. पण रोज घरी कुणी नाही हे किती दिवस चालणार! एके दिवशी एका मावशीनं भाजीच्या बुट्टीवरून मान वर करून हाच प्रश्न केला आणि मी सांगून टाकलं, मला साखर आहे, ही ओळखते. अख्खी बस वळून बघत होती. मावशी म्हणाल्या, "माज्या धाकट्या दिराला बी हाय की." आणि परत भाजीकडे वळल्या.

कंडक्टरचा प्रश्न वेगळाच होता. ११ जून २०२३ पासून आमच्याकडं शक्ती योजना आहे, बायकांना सरकारी बस फुकट. मी आधार कार्ड दाखवते, शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. कुंदाकडं बघून कंडक्टरनं यंत्रावर बोट ठेवलं, "नायीगे अर्ध टिकेट तगोरी, अक्का." म्हणजे कुत्र्याचं अर्धं तिकीट घ्या, ताई. मी म्हटलं, ही पण बाईच आहे. तो हसला, मागचे दोघे-तिघे हसले, तिकीट मात्र फाडलंच. बरोबर आहे, तिच्याकडं आधार कार्ड नाही. काही कंडक्टर तिकीटही घेत नाहीत, काही चढूच देत नाहीत. आपल्याकडं अंध माणसाच्या काठीसारखा या कुत्र्यांना मान नाही, त्यामुळं रोजचा दिवस कंडक्टरच्या मर्जीवर.

प्राचार्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. रेबीजच्या लशीचं कार्ड, महापालिकेचा परवाना, डॉक्टरांचं पत्र, गळ्यात पट्टा, आणि लायब्ररी व कँटीन बंद. अटी मला योग्यच वाटल्या. कुत्र्याला भिणारी माणसं असतात आणि ती काही मूर्ख नसतात. अकाउंटन्सीचे सर लहानपणी कुत्रं चावल्यामुळं अजून घाबरतात. त्यांच्या तासाला मी शेवटच्या बाकावर दाराजवळ बसते. एक मैत्रीण नमाज पढते, कुंदाची लाळ लागलेली तिला चालत नाही. तिनं पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, आम्ही जागा बदलल्या, विषय संपला.

आता जी.एस. हे पद काय आहे ते बाहेरच्यांसाठी सांगते. महाराष्ट्रातल्या माझ्या मावसभावाला वाटतं मी पॅनल उभं करून, भिंती रंगवून निवडून आले. तसं नाही. आमच्याकडं कॉलेजातल्या जाहीर निवडणुका माझ्या जन्माच्या आधीपासून बंद आहेत. आमच्या कॉलेजात वर्गप्रतिनिधी मिळून चिठ्ठ्या टाकतात आणि त्यावर प्राध्यापकांची समिती शिक्का मारते. प्रतिनिधींमध्ये मराठी, कन्नड, उर्दू सगळ्या घरांतली मुलं. मला मतं का पडली हे मी नंतर दोघा-तिघांना विचारलं. एकानं खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, बाकीच्या उमेदवारांची नावं आठवत नव्हती, "कुत्रीवाली अक्का" सगळ्यांना आठवत होती.

पण पुढं जे झालं ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. पहिल्याच महिन्यात गॅदरिंगच्या बजेटची बैठक, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मुलींच्या कॉमन रूमला कडी-कोयंडे आणि एक पलंग हवा, ही आमची मागणी मागं ढकलून पैसा साउंड सिस्टिमकडं चालला होता. मी तावातावानं बोलत होते. गुडघ्यावर पंजा आला. मी ढकलला. परत आला. मी बोलतच होते. मग बाही ओढली गेली, आणि मग केबिनमध्ये, टेबलाखालून, एक भुंकणं. क्लार्क मॅडमच्या हातातला चहा बशीत सांडला. मी तिथंच बोट टोचलं, ५६. सगळ्यांसमोर ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळून प्यायले आणि १५ मिनिटं गप्प बसले. नियमच आहे तो, १५ ग्रॅम साखर आणि १५ मिनिटं थांबायचं. कुणी काही बोलेना. पंखा तेवढा फिरत होता. एक सर दिलासा द्यायला म्हणाले, "तरीच इतकी चिडली होतीस." मी परत बोट टोचलं, ९४ आली. आणि मी पुन्हा तोच मुद्दा काढला, तेवढ्याच आवाजात. ९४ला सुद्धा राग तसाच होता, म्हणजे तो साखरेचा नव्हता. पलंग मंजूर झाला. साउंड सिस्टिमही झाली, ते जाऊ दे.

त्या आठवड्यापासून मुली यायला लागल्या. आधी कुंदाला बघायला म्हणून. कुंदाच्या कानामागं खाजवत खाजवत, माझ्याकडं न बघता, एकेक जण सांगायची. एकीला फिट येते, घरच्यांनी कॉलेजला कळवलेलं नाही. एकीला माझ्यासारखंच टाइप वन, ती इन्सुलिन बर्फाच्या थर्मासात घालून खानापूरहून यायची आणि बर्फ दुपारपर्यंत वितळायचा. एका मुलाला एका कानानं ऐकू येत नाही, तो तीन वर्षं डाव्या भिंतीकडेला बसतोय, का ते कुणाला ठाऊक नाही. ही सगळी मुलं माझ्या वर्गाच्या आजूबाजूलाच होती. मी दाराला पाठ लावून इन्सुलिन घेत होते तेव्हा कदाचित शेजारच्या बाथरूममध्ये तीही तेच करत होती.

मग कामाला लागलो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यासाठी स्टाफरूमच्या फ्रीजच्या दारातला एक कप्पा मिळाला. (एक सर त्यात ताक ठेवतात. दोनदा काढून ठेवलंय, परत ठेवतात.) परीक्षेचा प्रश्न त्याहून अवघड. हॉलमध्ये खाऊ न्यायचा म्हणजे कॉपीचा संशय. सीबीएसईनं २०१७ सालीच मधुमेही मुलांना परीक्षेत ग्लुकोजच्या गोळ्या, फळ, पाणी न्यायची मुभा दिलेली आहे. त्या परिपत्रकाची प्रत काढून अर्जाला जोडली. अंतर्गत परीक्षेला कॉलेजनं परवानगी दिली, पारदर्शक पिशवीत, पर्यवेक्षकाच्या टेबलावर. सेमिस्टरच्या परीक्षेसाठीचा अर्ज वर गेलाय, उत्तर यायचंय. कुंदाला मी हॉलमध्ये नेत नाही, मागितलंही नाही. ती वॉचमन मामांजवळ गेटवर बसते. मामांचं म्हणणं, पेपर सुटायच्या आधीच तिला कळतं. ते मला पटत नाही, घंटेआधी बाकं सरकल्याचा आवाज येतो तो ती ऐकते. पण मामांना सांगून उपयोग नाही.

सगळ्यात वाईट महिना नोव्हेंबर. १ तारखेचं एक सोडा, त्या दिवशी शहरात एकीकडं कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी, आणि डीजेचा आवाज सोसत नाही म्हणून कुंदा पलंगाखाली. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडांगणं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करा, आणि परत त्याच जागी सोडू नका. आमच्या कॉलेजात कँटीनमागं कुत्री होतीच. त्यांना जेवू घालणारा पोरांचा एक गट होता, आणि त्याच कुत्र्यांतलं एक चावल्यामुळं रेबीजची इंजेक्शनं घेत असलेला फर्स्ट इयरचा एक मुलगाही होता. दोघंही माझ्याकडं आले. जी.एस. म्हणजे तेच, दोन्ही बाजूंनी अर्ज घ्यायचे.

जेवू घालणाऱ्यांतली एक मुलगी म्हणाली, "तुझी कुंदा वर्गात बसणार आणि आमच्या कुत्र्यांना गाडीत घालणार, व्हय?" उत्तर कायद्यानं सोपं होतं. आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल, कुंदा पाळीव, परवाना माझ्या पिशवीत. ते मी सांगितलं. पण सांगताना मला माहीत होतं की फौंड्रीच्या वाळूतून बाबांनी दुसरं पिल्लू उचललं असतं तर कुंदाही आज कुठल्यातरी कँटीनमागं असती. दुसरीकडं तो फर्स्ट इयरचा मुलगा. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यावर इलाज नाही, माणूस जवळजवळ वाचतच नाही. त्याची आई रोज त्याला पाणी पिऊन दाखवायला लावते, असं तो सांगत होता. त्याला मी कुठल्या तोंडानं म्हणू की कुत्री कॉलेजात राहू देत?

मी कॉलेजच्या पत्रावर सही केली. कुत्र्यांना आधी लस द्या, कुठं नेताय ते लेखी कळवा आणि मुलांना तिथं जाऊन बघू द्या, एवढं त्यात घालून घेतलं. गाडी आली, कुत्री गेली. लेखी कळवणं अजून चाललंच आहे. एक म्हातारी कुत्री शिपाईमामांनी स्वतःच्या घरी नेली, तिला आता पट्टा आहे, परवाना आहे. त्या गटातल्या दोन मुली माझ्याशी बोलत नाहीत. सही केली याचं मला दुःख आहे आणि सही पुन्हा करावी लागली तर पुन्हाही करेन. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं की नाही ते त्या मुलींनीच ठरवावं.

आता वर्ष संपत आलंय. नव्या जी.एस.ला काय काय सोपवायचं त्याची फाइल करतेय. फ्रीजच्या कप्प्याबद्दल, परीक्षेच्या अर्जाबद्दल, ताकाबद्दल. बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरलेत. नोकरीच्या ठिकाणी कुंदाला कोण आत घेणार, हा प्रश्न आई रोज विचारते आणि मी रोज वेगळं उत्तर देते.

गेल्या आठवड्यात एक बाई गेटवर माझी वाट बघत उभ्या होत्या. निपाणीकडच्या. मुलगी दहावीला, टाइप वन, अलीकडंच कळलेलं. कुणाकडून तरी माझ्याबद्दल ऐकलं होतं. त्यांनी आधी कुंदाला न्याहाळलं, मग हळूच विचारलं, "असलं कुत्रं कितीला मिळतंय?" मी म्हटलं, विकत मिळत नाही मावशी, आणि कुत्र्याच्या आधी मीटर, स्ट्रिप आणि शाळेतल्या बाईंना सांगून ठेवणं महत्त्वाचं. त्या एकदम मागं सरल्या. "शाळेत नको बाई. चार लोकांत बोभाटा होतोय." मी त्यांना कँटीनमध्ये बसवलं, नियमाप्रमाणे कुंदाला बाहेर बांधून. डोस, रात्रीची साखर, पीटीच्या तासाआधी काय खायचं, सगळं सांगितलं. त्यांनी ते मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतलं, अक्षर सुरेख होतं. उठताना त्यांनी माझा नंबर मागितला. मी सांगत गेले, त्या दाबत गेल्या. नावापाशी थांबल्या, इकडंतिकडं बघितलं आणि मला दिसेल असाच फोन धरून टाइप केलं, 'ट्यूशन टीचर'.